जैवरेणूचे संरचनासूत्र कसे वाचावे : सुरुवात कार्बनच्या चार बंधांपासून

ग्लुकोज, कोलेस्टेरॉल किंवा एखाद्या अमिनो आम्लाचे संरचनासूत्र पहिल्यांदा समोर येते, तेव्हा बहुतेक विद्यार्थी ते चित्रासारखे पाठ करतात. परीक्षेपुरते ते टिकते आणि नंतर पुसले जाते, कारण त्या रेघांमागे काही कारण आहे हे त्यांना कोणी दाखवलेलेच नसते. या लेखात वाचनाची जी रीत मांडली आहे, ती पाठांतराच्या उलट दिशेने जाते. सूत्रातल्या प्रत्येक कार्बन अणूजवळ थांबावे आणि चार गोष्टी पाहाव्यात : त्याचे चारही बंध कोठे गेले आहेत, त्यांतला एखादा दुहेरी आहे का, ऑक्सिजनशी किती बंध आहेत, आणि चार बाजूंना चार वेगवेगळे गट आहेत का. एवढ्यावरून रेणूचा आकार, पाण्याशी असलेले त्याचे नाते, त्यात साठलेली ऊर्जा आणि सजीवाच्या शरीरातील त्याचे काम यांचा बराचसा अंदाज नाव न वाचताही बांधता येतो.

यासाठी कागद, साधी पेन्सिल, एक रंगीत पेन्सिल, चार-पाच रंगांची मऊ माती आणि मूठभर टूथपिक एवढे साहित्य पुरेसे आहे. माती आणि टूथपिक टाळू नयेत, असा माझा आग्रह आहे. कागदावरचे सूत्र सपाट असते, रेणू सपाट नसतो. आणि जीवरसायनशास्त्रातले निम्मे गैरसमज याच फरकातून जन्माला येतात.

चार बंध मोजण्याची सवय

कार्बनचा अणुअंक ६ आहे. त्याच्या सहा इलेक्ट्रॉनांपैकी दोन आतल्या कवचात आणि चार बाहेरच्या कवचात असतात. बाहेरचे कवच आठ इलेक्ट्रॉनांनी पूर्ण होते, म्हणजे कार्बन बरोबर अर्ध्या वाटेवर उभा असतो. चार इलेक्ट्रॉन देऊन टाकायचे म्हटले तरी आणि चार बाहेरून घ्यायचे म्हटले तरी त्यासाठी फार मोठी ऊर्जा लागते. म्हणून तो शेजारच्या अणूंबरोबर इलेक्ट्रॉनांची भागीदारी करतो आणि त्यातून चार सहसंयुज बंध तयार होतात. कार्बनची ही चतुःसंयुजा आणि कार्बन अणू एकमेकांना जोडून साखळी करतात ही कल्पना केकुले आणि कूपर यांनी १८५८ मध्ये परस्परांपासून स्वतंत्रपणे मांडली. इलेक्ट्रॉनचा शोध लागायला तेव्हा अजून जवळजवळ चाळीस वर्षे होती. केवळ संयुगांच्या वजनांचा आणि अभिक्रियांचा हिशेब मांडून ही माणसे तेथवर पोहोचली, याचे मला आजही आश्चर्य वाटते.

यातून वाचनाचा पहिला नियम मिळतो. स्थिर जैवरेणूत कार्बनचे बंध ४, नायट्रोजनचे ३, ऑक्सिजनचे २ आणि हायड्रोजनचा १ असतो. दुहेरी बंध मोजताना तो दोन धरायचा आणि तिहेरी बंध तीन. पाठ्यपुस्तकांत पुढच्या वर्गांत सांगाडा-सूत्रे येतात, त्यांत कार्बनचे अक्षरही लिहिलेले नसते : नागमोडी रेघेचे प्रत्येक वळण आणि प्रत्येक मोकळे टोक हा एक कार्बन समजायचा, आणि चार बंध पूर्ण व्हायला जितके कमी पडतात तितके हायड्रोजन तेथे आहेत असे धरायचे. तीन रेघांची साधी नागमोडी आकृती घेतली, तर तिला दोन टोके आणि दोन वळणे आहेत. टोकाच्या कार्बनचा एकच बंध दिसतो, म्हणून तेथे तीन हायड्रोजन. वळणावरच्या कार्बनचे दोन दिसतात, म्हणून तेथे दोन-दोन. एकूण चार कार्बन आणि दहा हायड्रोजन, म्हणजे ब्युटेन. सुरुवातीचे काही दिवस हे न दिसणारे हायड्रोजन पेन्सिलीने प्रत्यक्ष लिहून काढावेत. हळूहळू ते न लिहिताही दिसू लागतात.

बंधांची मोजणी जुळली नाही, तर दोनपैकी एक गोष्ट झालेली असते. कार्बनला पाच बंध दिसत असतील, तर आकृती चुकलेली आहे, यात शंका घेऊ नये. नायट्रोजनला चार बंध दिसत असतील, तर त्याच्यावर धनप्रभार असला पाहिजे, आणि ऑक्सिजनचा एकच बंध दिसत असेल, तर त्याच्यावर ऋणप्रभार. अमिनो आम्ले शरीरातल्या पाण्यात याच रूपात वावरतात : एका टोकाला चार बंधांचा धनप्रभारित नायट्रोजन आणि दुसऱ्या टोकाला एका बंधाचा ऋणप्रभारित ऑक्सिजन.

साखळी का टिकते

चार बंध करणारा कार्बन हा एकटाच अणू नाही. आवर्तसारणीत त्याच्या बरोबर खाली असलेल्या सिलिकॉनलाही बाहेरच्या कवचात चारच इलेक्ट्रॉन आहेत. मग सजीवांचे रेणू सिलिकॉनचे का नाहीत, हा प्रश्न विद्यार्थी नेहमी विचारतात आणि तो विचारलाच पाहिजे, कारण त्याच्या उत्तरात कार्बनचे वेगळेपण लपलेले आहे.

दोन कार्बन अणूंमधला एकेरी बंध तोडायला सरासरी ३४७ किलोज्यूल प्रति मोल एवढी ऊर्जा लागते. दोन सिलिकॉन अणूंमधल्या बंधासाठी ती सुमारे २२२ आहे, दोन नायट्रोजनमधल्या एकेरी बंधासाठी सुमारे १६० आणि दोन ऑक्सिजनमधल्या एकेरी बंधासाठी सुमारे १४५. स्वतःशीच बळकट बंध करून साखळी करण्याच्या कार्बनच्या या गुणाला मालिकाबंधन शक्ती म्हणतात. मात्र निव्वळ बळकटी हे पूर्ण उत्तर नव्हे. कार्बनचा हायड्रोजनशी बंध सुमारे ४१३, ऑक्सिजनशी सुमारे ३५८ आणि नायट्रोजनशी सुमारे ३०५ किलोज्यूलचा असतो. हे सगळे आकडे एकमेकांच्या बरेच जवळ आहेत, म्हणून कार्बनची साखळी स्वतः न तुटता या सर्व अणूंना अंगाखांद्यावर वागवू शकते. सिलिकॉनची स्थिती अशी नाही. त्याचा ऑक्सिजनशी बंध सुमारे ४५२ किलोज्यूलचा, म्हणजे त्याच्या स्वतःशी असलेल्या बंधाच्या दुप्पट आहे. त्यामुळे जेथे ऑक्सिजन आणि पाणी आहे तेथे सिलिकॉनची साखळी फार काळ तग धरत नाही आणि शेवटी वाळूसारख्या घन पदार्थात स्थिरावते. उलट कार्बन पूर्ण ऑक्सिडीकृत झाला की त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो. तो वायू आहे आणि पाण्यात विरघळतो, म्हणून वनस्पती तो हवेतून उचलून पुन्हा साखळीत गुंफू शकतात.

यातली आणखी एक बाजू सहसा सांगितली जात नाही. ऊर्जेच्या दृष्टीने पाहिले, तर ऑक्सिजनयुक्त हवेतला प्रत्येक कार्बनी रेणू जळून जाण्याच्या उताराला लागलेला आहे. तरीही लाकूड आपोआप पेटत नाही, कारण अभिक्रिया सुरू होण्यासाठी आधी बंध ढिले करावे लागतात आणि सामान्य तापमानाला तो अडसर ओलांडला जात नाही. पेशीतली विकरे, म्हणजे अभिक्रियांना वेग देणारी प्रथिने, नेमक्या हव्या त्या ठिकाणचा अडसर खाली आणतात. रेणू टिकाऊही असावा आणि वेळ आली की मोडताही यावा, ही दुहेरी गरज कार्बनचे बंध भागवतात.

साखळी वाचताना प्रथम सर्वांत लांब सलग साखळी शोधावी, मग फाटे आणि कडी कोठे आहेत ते पाहावे. अणूंची संख्या तीच ठेवून फाट्याची जागा बदलली की नवा रेणू होतो. यालाच समघटकता म्हणतात. चार कार्बनांच्या संतृप्त हायड्रोकार्बनचे २ समघटक आहेत, पाच कार्बनांचे ३, दहाचे ७५ आणि वीस कार्बनांचे ३,६६,३१९. ल्युसिन आणि आयसोल्युसिन ही अमिनो आम्ले शेजारी शेजारी काढून पाहावीत. दोन्हींतले अणू तंतोतंत सारखे आहेत, फक्त एका कार्बनाचा फाटा एक घर अलीकडे सरकला आहे. तरी प्रथिने बनवताना पेशी या दोघांना वेगळे ओळखते आणि वेगळ्या जागी बसवते.

बंध फिरतो की नाही

आता माती हाती घ्यावी. काळ्या मातीची एक गोळी करून तिच्यात चार टूथपिक अशा खोचाव्यात की त्या एकमेकींपासून जास्तीत जास्त दूर राहतील. सपाट टेबलावर ठेवल्यावर हा आकार तीन पायांवर उभा राहतो आणि चौथी काडी सरळ वर जाते. हा चतुष्फलक आहे, आणि कोणत्याही दोन काड्यांमधला कोन सुमारे १०९.५ अंश येतो. वांट हॉफ आणि ल बेल यांनी १८७४ मध्ये कार्बनचे चार बंध असे अवकाशात पसरलेले असतात हे सांगितले. असे दोन गोळे एका काडीने जोडून फिरवून पाहिले, तर ते एकमेकांच्या सापेक्ष सहज फिरतात. इथेनमध्ये या फिरण्याला केवळ सुमारे १२ किलोज्यूल प्रति मोल एवढा अडथळा असतो, म्हणजे सामान्य तापमानाला रेणूचे असे भाग सतत गरगरत असतात.

त्याच दोन गोळ्यांना आता दोन समांतर काड्यांनी जोडावे. फिरणे बंद झालेले हाताला लगेच जाणवते. दुहेरी बंधातल्या कार्बनाभोवतीचे तिन्ही शेजारी एका प्रतलात, सुमारे १२० अंशांच्या कोनात बसतात. बंधाची लांबी १५४ पिकोमीटरवरून १३४ वर येते आणि दुसरा बंध मोडल्याशिवाय फिरता येत नाही. त्याला सुमारे २६५ किलोज्यूल लागतात. तिहेरी बंध १२० पिकोमीटरचा आणि सरळ रेषेतला असतो, पण सजीवांत तो क्वचितच आढळत असल्यामुळे येथे त्यावर थांबत नाही.

दुहेरी बंध दिसला की साखळीची उरलेली दोन टोके त्याच्या एकाच बाजूला आहेत की विरुद्ध बाजूंना, हे पाहावे. एकाच बाजूला असतील तर ती सिस रचना, विरुद्ध असतील तर ट्रान्स. स्टिअरिक आम्ल आणि ओलेइक आम्ल या दोन्ही मेदाम्लांत १८ कार्बन आहेत. पहिल्यात सगळे बंध एकेरी आहेत, साखळ्या सरळ होऊन एकमेकींना चिकटून बसतात, आणि ते ६९ अंश सेल्सिअसला वितळते. दुसऱ्यात नवव्या आणि दहाव्या कार्बनांच्या मध्ये एकच सिस दुहेरी बंध आहे. त्या एका बाकामुळे साखळ्या नीट रचल्या जात नाहीत आणि वितळणबिंदू सुमारे १३ अंशांपर्यंत घसरतो. तोच दुहेरी बंध ट्रान्स केला की इलायडिक आम्ल होते आणि वितळणबिंदू पुन्हा ४५ अंशांच्या आसपास चढतो. पेशीपटल थंडीत गोठू नये म्हणून जीवाणू आणि मासे आपल्या मेदाम्लांतले सिस बंध वाढवतात. तेव्हा पेशीपटलातला मेदरेणू वाचताना हे बाक मोजणे म्हणजे ते पटल किती प्रवाही असेल हे वाचणे होय.

डोळ्याच्या दृष्टिपटलात तर हा फिरण्याचा अडथळाच कामाला लावलेला आहे. रेटिनल या रेणूत एकाआड एक दुहेरी बंधांची साखळी आहे आणि अंधारात तिचा अकराव्या कार्बनावरचा बंध सिस स्थितीत वाकलेला असतो. प्रकाशाचा कण शोषला गेला की त्या बंधाचा दुसरा भाग क्षणभर सैल पडतो आणि सुमारे २०० फेम्टोसेकंदांत साखळी फिरून सरळ, म्हणजे ट्रान्स होते. रेणू जेथे बसलेला असतो ते ऱ्होडॉप्सिन प्रथिन या हिसक्याने आकार बदलते आणि मेंदूकडे जाणाऱ्या संदेशाची सुरुवात होते. हा बंध एकेरी असता, तर तो शरीराच्या उष्णतेनेच फिरत राहिला असता आणि प्रकाश व अंधार यांत काही फरकच उरला नसता.

येथे एक जागा अशी आहे की जेथे कागदावरचे सूत्र फसवते. प्रथिनात एका अमिनो आम्लाचा कार्बन पुढच्याच्या नायट्रोजनला जोडलेला असतो आणि तो बंध एकेरी काढला जातो. पण त्याच कार्बनाला दुहेरी बंधाचा ऑक्सिजन असल्यामुळे नायट्रोजनजवळची इलेक्ट्रॉनांची मोकळी जोडी अंशतः त्या बाजूला सरकते. परिणामी हा बंध सुमारे १३३ पिकोमीटरचा होतो, साध्या एकेरी बंधाच्या १४७ आणि दुहेरी बंधाच्या १२७ यांच्या मधला. आणि तो फिरत नाही. १९४८ मध्ये ऑक्सफर्ड येथे सर्दीने अंथरुणावर पडलेल्या लायनस पॉलिंग यांनी कागदाच्या पट्टीवर प्रथिनाची साखळी काढली, या न फिरणाऱ्या बंधाभोवतीचे सहा अणू एका प्रतलात ठेवले आणि फक्त उरलेल्या एकेरी बंधांपाशी कागद दुमडून पाहिला. त्यातून अल्फा सर्पिल, म्हणजे प्रथिनाच्या साखळीचा मळसूत्रासारखा वेढे घेणारा आकार, उलगडला. कोरी आणि ब्रॅन्सन यांच्यासह त्यांनी तो १९५१ मध्ये प्रसिद्ध केला. त्याच्या एका वेढ्यात ३.६ अमिनो आम्ले येतात. वाचकाने हा प्रयोग स्वतः करून पाहावा, कारण त्याला कागद आणि पेन्सिल यांपलीकडे काही लागत नाही. नियम असा लक्षात ठेवावा : दुहेरी बंधाने ऑक्सिजन धरलेल्या कार्बनाला लागून नायट्रोजन दिसला, की तो बंध न फिरणारा समजावा.

ऑक्सिजनशी असलेले बंध मोजणे

रंगीत पेन्सिलीने सूत्रातले सगळे ऑक्सिजन आणि नायट्रोजन रंगवावेत. विद्युतऋणता, म्हणजे बंधातले इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढण्याची ताकद, कार्बनची २.५५ आणि हायड्रोजनची २.२० असल्यामुळे त्यांच्यातली इलेक्ट्रॉनांची वाटणी जवळजवळ समसमान होते, आणि रेणूचा न रंगवलेला भाग पाण्याशी फटकून राहतो. नायट्रोजनची विद्युतऋणता ३.०४ आणि ऑक्सिजनची ३.४४ आहे, ते इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढतात आणि त्यांच्यापाशी पाणी हायड्रोजन बंधांनी धरून राहते. विशेषतः ऑक्सिजनला हायड्रोजन जोडलेला आहे की नाही, हे पाहावे. इथेनॉल आणि डायमिथिल ईथर या दोन्हींत दोन कार्बन, सहा हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन आहे. पहिल्यात ऑक्सिजन टोकाला असून त्याला हायड्रोजन आहे, आणि ते ७८ अंश सेल्सिअसला उकळते. दुसऱ्यात ऑक्सिजन दोन कार्बनांच्या मध्ये अडकलेला आहे, आणि ते उणे २४ अंशांनाच वायू होते.

यानंतरची मोजणी मला सर्वांत उपयोगाची वाटते. प्रत्येक कार्बनाशेजारी त्याचे ऑक्सिजनशी किती बंध आहेत, तो आकडा लिहावा. मिथेनमध्ये तो ०, मिथेनॉलमध्ये १, फॉर्माल्डिहाइडमध्ये २, फॉर्मिक आम्लात ३ आणि कार्बन डायऑक्साइडमध्ये ४ येतो. ही ऑक्सिडीकरणाची शिडी आहे. अल्कोहोल, अल्डिहाइड किंवा कीटोन, कार्बॉक्झिलिक आम्ल ही नावे म्हणजे तिच्याच पायऱ्या आहेत, आणि क्रियात्मक गटांची लांबलचक यादी घोकण्यापेक्षा ही शिडी ध्यानात ठेवणे केव्हाही सोपे. कार्बन शिडीवर जितका खाली, तितकी त्याच्या ऑक्सिडीकरणातून मिळायची ऊर्जा अजून शिल्लक.

स्टिअरिक आम्लाच्या १८ कार्बनांपैकी सतरांजवळ ० येईल आणि शेवटच्याजवळ ३. सगळे कार्बन चारवर पोहोचले असते तर बेरीज ७२ झाली असती. प्रत्यक्षात ती ३ आहे. ग्लुकोजच्या साखळीरूपात पहिल्या कार्बनाजवळ २ आणि उरलेल्या पाचांजवळ प्रत्येकी १ येतो, म्हणजे २४ पैकी ७. मेदापासून दर ग्रॅमला सुमारे ३७ किलोज्यूल आणि कर्बोदकांपासून सुमारे १७ किलोज्यूल ऊर्जा का मिळते, याचे कारण या दोन बेरजांत उघड दिसते. हे माप ढोबळ आहे, पण दिशा अचूक दाखवते. ऊर्जा साठवायला मेद आणि ती पाण्यातून, रक्तातून वाहून न्यायला साखर, ही शरीरातली कामाची वाटणीही त्याच रंगवलेल्या चित्रात दिसते : मेदाम्लाची लांब शेपटी कोरी आहे आणि ग्लुकोजचा प्रत्येक कार्बन रंगाला चिकटलेला आहे.

दुहेरी बंधाने ऑक्सिजन धरलेल्या कार्बनाभोवती एक वर्तुळ काढून ठेवावे. ऑक्सिजनने इलेक्ट्रॉन ओढून घेतल्यामुळे हा कार्बन इलेक्ट्रॉनांना भुकेला असतो आणि इलेक्ट्रॉनांची मोकळी जोडी बाळगणारा दुसरा अणू त्याच्यावर येऊन नवा बंध करू शकतो. प्रथिने जोडणे, मेद तयार करणे आणि साखरेचे कडे बांधणे ही सर्व कामे अशाच वर्तुळांत घडतात.

डावा आणि उजवा

काळ्या गोळीच्या चार काड्यांना आता चार वेगवेगळ्या रंगांच्या गोळ्या लावाव्यात : पांढरी म्हणजे हायड्रोजन, हिरवी म्हणजे मिथिल गट (CH₃), निळी म्हणजे अमिनो गट (NH₂) आणि तांबडी म्हणजे कार्बॉक्झिल गट (COOH). हे अलानिन आहे. तशीच दुसरी प्रतिकृती करावी, पण तिच्यातल्या निळ्या आणि तांबड्या गोळ्यांची अदलाबदल करावी. मग दोन्ही हातांत धरून त्या कशाही फिरवल्या, तरी एक दुसरीवर तंतोतंत बसणार नाही. दोन रंग जुळवले की उरलेले दोन चुकतात. आरशासमोर मात्र एकीचे प्रतिबिंब दुसरीशी हुबेहूब जुळते. पाश्चर यांनी १८४८ मध्ये टार्टारिक आम्लाच्या एका क्षाराचे असे डावे-उजवे स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली हाताने वेगळे केले होते.

कागदावर ही गोष्ट भरीव आणि तुटक पाचरांनी दाखवतात : भरीव पाचर वाचकाकडे येणारी, तुटक पाचर कागदामागे जाणारी. वाचताना ज्या कार्बनाला चारही गट वेगळे आहेत, त्याच्यावर फुली मारावी. दुहेरी बंधाचा कार्बन आणि दोन हायड्रोजनांचा कार्बन लगेच सोडून द्यावा. फुल्यांची संख्या मोजली की शक्य रचनांची कमाल संख्या कळते, कारण प्रत्येक फुलीगणिक ती दुप्पट होते. ग्लुकोजच्या साखळीरूपात चार फुल्या आहेत, म्हणून १६ रचना. कोलेस्टेरॉलमध्ये आठ आहेत, म्हणून २५६, आणि त्यांपैकी एकच शरीर बनवते.

रेणूच्या या डाव्या-उजव्या रूपांना एल आणि डी अशी नावे आहेत. प्रथिनांतली अमिनो आम्ले एल प्रकारची असतात. ग्लायसिन अपवाद आहे, कारण त्याच्या मधल्या कार्बनाला दोन हायड्रोजन असल्याने डावे-उजवेपणच नाही. निसर्गातल्या शर्करा बहुतांशी डी प्रकारच्या आहेत. विकरे स्वतःच एल अमिनो आम्लांची बनलेली असल्यामुळे त्यांची खाच एकाच हाताची असते, आणि उलट्या हाताचा रेणू तीत सहसा बसत नाही. जीवाणू मात्र आपल्या पेशीभित्तिकेत डी-अलानिन वापरतात. पेनिसिलिन नेमक्या त्या भित्तिकेची जोडणी करणाऱ्या विकराला फसवते, कारण त्याचा आकार दोन डी-अलानिनांच्या जोडीसारखा आहे. माणसाच्या पेशींना पेशीभित्तिका नाही, म्हणून त्यांना या फसवणुकीची झळ लागत नाही.

ग्लुकोज, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

आता सगळ्या मोजण्या एकाच रेणूवर कराव्यात. ग्लुकोजची साखळी उभी काढून कार्बनांना वरून १ ते ६ क्रमांक द्यावेत. पहिल्याजवळ दुहेरी बंधाचा ऑक्सिजन आहे. तेथे वर्तुळ काढावे. दुसऱ्यापासून पाचव्यापर्यंत चार फुल्या येतात. साखळीतले बंध एकेरी असल्यामुळे ती वळू शकते, आणि वळताना पाचव्या कार्बनावरचा ऑक्सिजन वर्तुळातल्या कार्बनाच्या टप्प्यात येतो. तो तेथे बंध करतो आणि पाच कार्बन व एक ऑक्सिजन यांचे कडे तयार होते. पाण्यात हजारात एकापेक्षाही कमी रेणू साखळीरूपात उरतात. बाकी सगळे कड्याच्या रूपात असतात.

कडे झाल्यावर पहिल्या कार्बनावर दुहेरी बंध उरत नाही, पण त्याचे ऑक्सिजनशी दोनच बंध कायम राहतात : एक कड्यातल्या ऑक्सिजनशी, दुसरा बाहेरच्या हायड्रॉक्सिल गटाशी (OH). म्हणून कोणत्याही शर्करेचे कडे कसेही फिरवून काढलेले असले, तरी ज्याच्या दोन्ही बाजूंना ऑक्सिजन आहे तो कार्बन शोधावा. तोच मूळ अल्डिहाइडचा किंवा कीटोनचा कार्बन. त्याला आता चार वेगळे गट मिळाल्यामुळे पाचवी फुली पडते आणि दोन रूपे संभवतात. नेहमीच्या आकृतीत त्याचा हायड्रॉक्सिल गट खाली असेल तर अल्फा, वर असेल तर बीटा. पाण्यात ही दोन्ही रूपे साधारण ३६ आणि ६४ टक्के या प्रमाणात असतात. बीटा रूपात सगळे मोठे गट कड्याच्या कडेने बाहेर पसरतात आणि एकमेकांना अडत नाहीत, म्हणून त्याचे प्रमाण अधिक.

हा एक गट वर की खाली, एवढ्या फरकाने पुढे काय घडते ते पाहावे. अल्फा ग्लुकोजचा पहिला कार्बन पुढच्या ग्लुकोजच्या चौथ्याला जोडत गेले, की साखळी गोलाकार वळत जाते आणि सर्पिल बनते. हा स्टार्चमधला अमायलोज. आयोडिन या सर्पिलाच्या पोकळीत शिरते तेव्हा गडद निळा रंग येतो. बीटा ग्लुकोज त्याच दोन कार्बनांतून जोडले, तर प्रत्येक पुढचे कडे आधीच्याच्या तुलनेत उलटे बसते आणि साखळी सरळ राहते. अशा सरळ साखळ्या शेजारी शेजारी येऊन हायड्रोजन बंधांनी एकमेकींना घट्ट धरतात. हा सेल्युलोज, ज्याच्यामुळे झाडाचे खोड उभे राहते आणि कापसाच्या तंतूला बळ येते. माणसाची विकरे अल्फा जोडणी तोडतात, बीटा जोडणी तोडत नाहीत. गाय लाकडी चारा पचवते ती तिच्या पोटातल्या सूक्ष्मजीवांच्या जोरावर.

वाचन जमू लागले आहे का, हे तपासायचे असेल तर सुक्रोजचे सूत्र घ्यावे. त्यात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची दोन कडी एका ऑक्सिजनने जोडलेली असतात. दोन्ही बाजूंना ऑक्सिजन असलेला कार्बन प्रत्येक कड्यात शोधावा : ग्लुकोजमध्ये तो पहिला येईल, फ्रुक्टोजमध्ये दुसरा. मग त्यांच्यावर मोकळा हायड्रॉक्सिल गट आहे का, हे पाहावे. तो कोठेच सापडणार नाही, कारण दोन्ही कार्बन मधल्या एकाच ऑक्सिजनला बांधलेले आहेत. म्हणजे यातले कोणतेही कडे उघडून अल्डिहाइड किंवा कीटोन पुन्हा मोकळे होऊ शकत नाही. म्हणूनच, असा मोकळा गट ओळखणाऱ्या बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणात ग्लुकोज तापवले की विटकरी रंग येतो, आणि सुक्रोज तापवले तर द्रावण निळेच राहते.